पोष्टाचे तिकीट आणि जकातीचा हिशेब

जकातीच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गलबते, बंदरे, वखारी आणि कापसाच्या गासड्या उभ्या राहतात. तो इतिहास मोठ्या मालाचा आणि मोठ्या व्यापाऱ्यांचा असतो. मँचेस्टरचे कापड आणि मुंबईच्या गिरण्या ह्यांच्या झगड्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते योग्यच झाले. आज मात्र आम्ही ज्या मालाविषयी बोलणार आहोत तो चिमट्याने उचलावा लागतो. जुनी पोष्टाची तिकिटे विकणारा एक लहान व्यापारी असतो. त्याचे दुकान म्हणजे राहत्या घरातले एक टेबल, एक भिंग आणि चार-दोन जाडजूड वह्या. इंटरनेटच्या बाजारात तो आपली तिकिटे मांडतो आणि परदेशातल्या छांदिष्टाने दोन, पाच किंवा दहा डॉलरचे तिकीट घेतले की ते पाकिटात घालून धाडून देतो. आयात-जकातीने ह्या माणसाचे काय केले, हा आमचा विषय आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने आपल्या जकातीत जे बदल केले त्यांची चर्चा वर्तमानपत्रांतून झाली ती बहुतेक सगळी दराविषयी झाली. भारतीय मालावर २५ टक्के, मग त्यावर आणखी २५, म्हणजे ५० टक्के. आकडे भयंकर होते हे खरे. तथापि लहान विक्रेत्यापुरते बोलायचे तर आमचे मत थोडे निराळे आहे. दोन डॉलरच्या तिकिटावर ५० टक्के म्हणजे एक डॉलर. ज्याला ते तिकीट हवेच आहे तो छांदिष्ट तिसरा डॉलर कुरकुरत का होईना देईल. त्याला देता येत नाही तो खर्च निराळाच आहे: तो एक डॉलर किती हे ठरवायचा, कागदावर चढवायचा, कोणाकडून तरी गोळा करायचा आणि सरकारच्या तिजोरीत पोहोचवायचा खर्च. दर किमतीप्रमाणे कमीजास्त होतो. हा दुसरा खर्च दोन डॉलरच्या वस्तूला जेवढा, जवळजवळ तेवढाच दोन हजार डॉलरच्या वस्तूला. आणि मौज अशी की पोष्टाचे तिकीट जगात जन्माला आले तेच मुळी अशा प्रकारच्या खर्चावर तोड म्हणून. म्हणून थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

१८३७ साली रोलंड हिल नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने टपालाच्या सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. हा गृहस्थ टपालखात्यातला नव्हता. त्यामुळेच कदाचित त्याला साधे प्रश्न विचारता आले. त्या वेळी लंडनहून एडिंबरोला एका ताव्याच्या पत्राला एक शिलिंग दीड पेनी पडत असे. हा आकार अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरे. पाकिटात कागद एक आहे की दोन हे पाहण्यासाठी कारकून पत्र दिव्यापुढे धरीत. पैसे बहुधा घेणाराच देई, म्हणून टपालवाला प्रत्येक दाराशी उभा राही, सुटे मोजी, उधारीची नोंद करी, आणि घेणाऱ्याने नाकारले तर पत्र परत नेई. हिलने हिशेब मांडला, की लंडनहून एडिंबरोपर्यंत पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग आहे. मग एवढे पैसे जातात कुठे? ते जातात मोजण्यात, नोंदण्यात आणि मागण्यात. अंतराचा विचार सोडून द्या, वजनावर एकच दर ठेवा आणि तो आधी घ्या, म्हणजे हे सगळे कारकुनी ओझे उतरेल, असे त्याचे म्हणणे होते. पैसे आधी घेतल्याची खूण म्हणून डिंक लावलेला कागदाचा लहानसा तुकडा त्याने सुचवला. १ मे १८४० रोजी विक्रीला आलेला, राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेला तो काळा तुकडा म्हणजेच ‘पेनी ब्लॅक’.

परिणाम लवकर दिसला. १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती. १८४० मध्ये सुमारे सतरा कोटी. सरकारचे निव्वळ उत्पन्न मात्र एकदम खाली आले व ते भरून निघायला बरीच वर्षे लागली, हेही सांगितले पाहिजे. हिलचे चरित्रकार ही बाजू घाईने ओलांडतात. परंतु त्याचा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. लहान रक्कम गोळा करण्याची किंमत त्या रकमेपेक्षा जास्त होऊ लागली की वसुलीची रीतच बदलली पाहिजे, हे त्याने दाखवून दिले.

आपल्याकडे ही रीत फार लवकर आली. बार्टल फ्रिअर, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, तो सिंधचा कमिशनर असताना १ जुलै १८५२ रोजी त्याने सिंधमध्ये अर्ध्या आण्याची तिकिटे चालू केली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आशियातली ही पहिली टपालतिकिटे होत, आणि आज ती हाताळायची तर व्यापाऱ्यालाही हात दोनदा पुसावा लागतो. पुढे १८५४ च्या कायद्याने सबंध हिंदुस्थानात पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर झाला. मग ते पत्र ठाण्याहून कल्याणला जावो की कलकत्त्याला जावो. त्यापूर्वी मुंबई ते कलकत्ता ह्या पल्ल्याला तोळ्यामागे रुपया पडत असे. त्यानंतर ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ राष्ट्रांनी करार करून टपालसंघ स्थापला. तो १ जुलै १८७५ पासून अमलात आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंतकालीन व्याख्यानांना आरंभ झाला होता, ही आठवण अशा मंडपात केल्यास वावगे होऊ नये. हिंदुस्थान १८७६ मध्ये ह्या संघात आला. संघाच्या करारातला गाभा असा, की सर्व सभासद देश मिळून पत्रांच्या देवघेवीपुरता एकच टपालप्रदेश समजावा. साताऱ्यात लावलेले तिकीट सिनसिनाटीत दारापर्यंत चालावे, वाटेत कोणी हिशेब मागू नये.

तिकिटांचा व्यापार उभा राहिला तो ह्या एकाच प्रदेशाच्या भरवशावर. १८५६ साली इंग्लंडात प्लिमथ येथे स्टॅन्ली गिबन्स नावाचा एक मुलगा आपल्या बापाच्या औषधाच्या दुकानात एका कोपऱ्यात तिकिटे विकू लागला. १८६३ मध्ये दोन खलाशांनी केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांनी भरलेली पिशवी त्याच्या गल्ल्यावर आणून ओतली आणि त्याने ती ५ पौंडांना घेतली, ही गोष्ट ह्या धंद्यात पुराणासारखी सांगितली जाते. त्याची पुढे मोठी पेढी झाली. परंतु गिबन्सच्या पाठोपाठ जे शेकडो लोक ह्या धंद्यात आले त्यांची पेढी कधीच झाली नाही. शाळामास्तर, पेन्शनर, आगगाडीतले कारकून, विधवा बाया असे हे लोक. त्यांची विक्रीची रीत मोठी गमतीची होती. छोट्या वहीत तिकिटे चिकटवायची, प्रत्येकाखाली किंमत लिहायची आणि ती वही टपालाने गिऱ्हाइकाकडे पसंतीसाठी पाठवायची. गिऱ्हाईक, म्हणजे पुष्कळदा शाळेतला पोर, हवी ती तिकिटे काढून घेई आणि उरलेली वही पैशांसह परत करी. अनोळखी माणसावर, कधी परमुलखातल्या माणसावर, विश्वास टाकून हा व्यवहार चाले. आता विचार करा, अशा वहीवर जकात कशी बसवायची? वही शिरताना तिच्यात चाळीस तिकिटे, बाहेर पडताना तेवीस. विकली किती ते महिन्याने कळणार. जकातखात्याने ह्या भानगडीत पडायचे बहुधा टाळले, आणि आमच्या मते त्यात शहाणपण होते.

अमेरिकेचेच पाहू. तेथील १९३० चा स्मूट-हॉले कायदा जकातीच्या चढ्या भिंतीबद्दल कुप्रसिद्ध आहे. हजारो वस्तूंवर त्याने जकात वाढवली आणि मंदीच्या वणव्यात तेल ओतले असा दोष त्याला दिला जातो. परंतु त्या कायद्याच्या मुक्त मालाच्या यादीतही पोष्टाच्या तिकिटांना जागा होती. आजही जगभर जकातीसाठी मालाचे जे वर्गीकरण चालते त्यात जुनी व वापरलेली तिकिटे ९७०४ ह्या शीर्षाखाली, चित्रे, शिल्पे आणि पुराणवस्तू ह्यांच्या पंगतीला बसतात, आणि अमेरिकेच्या मूळ पत्रकात त्यांच्यापुढे ‘मुक्त’ असाच शब्द आहे. न वापरलेली आणि आपापल्या देशात अजून चालणारी तिकिटे मात्र ४९०७ ह्या दुसऱ्या शीर्षात, छापील मालात जातात. म्हणजे एकाच पाकिटातली दोन तिकिटे दोन प्रकरणांत. ती ओळखायची तर जकातीच्या कारकुनाला अर्धा तिकीटतज्ज्ञ व्हावे लागेल.

ह्याच्याहून महत्त्वाचा कायदा १९३८ चा. १९३० च्या कायद्यात त्या वर्षी एक दुरुस्ती झाली. ज्या मालावरची जकात वसूल करण्याचा खर्च आणि खटाटोप मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मानाने अवाजवी होतो तो माल सोडून देण्याची मुभा सरकारने स्वतःला घेतली. मर्यादा भेटवस्तूंना ५ डॉलर, इतर मालाला १ डॉलर. एकशे एक वर्षांपूर्वी रोलंड हिलने टपालाविषयी जे म्हटले होते तेच येथे जकातीविषयी, कायद्याच्या रुक्ष भाषेत म्हटले गेले. ही दया नव्हती आणि मुक्त व्यापाराचे तत्त्वज्ञानही नव्हते. सरकारने आपल्या पदरचे पैसे वाचवले, इतकेच. पुढे ती एक डॉलरची मर्यादा १९७८ मध्ये ५ डॉलर झाली, १९९३ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये एकदम ८००. ह्या शेवटच्या उडीने काय केले ते पुढे येईल.

मध्यंतरी तिकिटांवर राजकारणाची धाड आली नाही असे नाही. कोरियाच्या युद्धात, डिसेंबर १९५० मध्ये, अमेरिकेने लाल चीनशी सर्व व्यवहार बंद केले, त्यात चीनची तिकिटेही सापडली, आणि १९७१ पर्यंत अमेरिकन छांदिष्टाच्या वहीतले ते पान कायद्याने कोरे राहिले. परंतु ती बंदी होती, जकात नव्हती. बंदी सरळ असते. काय करायचे नाही ते तरी कळते.

१९९५ साली कॅलिफोर्नियात ‘ईबे’ हा लिलावाचा बाजार इंटरनेटवर सुरू झाला आणि २००० मध्ये बेल्जममध्ये खास संग्राहकांसाठी ‘देलकांप’. तिकिटांच्या लहान व्यापाऱ्याला हा वसंतऋतूच होता. जुन्या काळी त्याला गिऱ्हाईक शोधण्यासाठी मासिकात जाहिरात द्यावी लागे व सूची छापावी लागे. आता चित्र टाकले की मेक्सिकोतला, ओहायोतला, फिनलंडमधला माणूस आपणहून येऊ लागला. ह्या धंद्याचे एक मर्म येथे सांगितले पाहिजे. कापड किंवा चहा ह्यांचा एक नग दुसऱ्यासारखा असतो. तिकिटाचे तसे नाही. नाशिकच्या छापखान्यातून लाखांनी निघालेले एखादे दोन आण्यांचे तिकीट कवडीमोल. पण त्याच तिकिटावर एखाद्या बंद पडलेल्या संस्थानी डाकघराचा शिक्का स्पष्ट उठलेला असला, तर जगात असे चार लोक असतील ज्यांना ते हवेच असते. ते चौघे चार देशांत राहतात. इंटरनेटने त्या चौघांची आणि दादरच्या किंवा सदाशिव पेठेतल्या विक्रेत्याची गाठ घालून दिली. विक्री सहा डॉलरची; पण ज्ञान दोन्हीकडे अनेक वर्षांचे. आणि हे सर्व चालत होते साध्या पाकिटातून. विक्रेता हौसेने पाकिटावर सुंदर, जुनी, परंतु अजून चालणारी तिकिटे लावी, म्हणजे गिऱ्हाइकाला आतल्या मालाबरोबर बाहेरचाही लाभ होई.

ह्या सुखाला पहिली कात्री लागली ती जकातीची नव्हे, माहितीची. जागतिक टपालसंघाने २०१८ पासून पत्र आणि माल ह्यांच्यात रेषा आखली: साध्या पत्रात फक्त लिखापढी जावी, वस्तू असेल तर ती लहान पुडके म्हणून जावी. विकलेले तिकीट कागदाचे असले आणि पावलीएवढे असले तरी ते वस्तू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेने अफूसारख्या घातक द्रव्यांची टपालातून होणारी चोरटी आयात रोखण्यासाठी कायदा केला, आणि २०२१ च्या आरंभापासून प्रत्येक पुडक्याची माहिती, म्हणजे काय आहे, किती आहे, किमतीचे काय, कोणाकडून, कोणाला, ही पुडक्याच्या आधी विजेच्या तारांवरून पोहोचली पाहिजे असे ठरले. पाकिटावरच्या सुंदर तिकिटांच्या जागी रेघारेघांची पट्टी आली. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु टेबलावरच्या माणसाला एका पाकिटामागे द्यावी लागणारी दहा मिनिटे वाढली.

दुसरी कात्री युरोपची. १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनने १५ पौंडांपर्यंतच्या आयातीवरची विक्रीकराची माफी काढून घेतली. १ जुलै २०२१ रोजी युरोपीय संघाने २२ युरोंची काढून घेतली. १३५ पौंडांच्या आतला माल परदेशी विक्रेत्याने ब्रिटिश गिऱ्हाइकाला थेट विकायचा तर ब्रिटिश करखात्यात नोंदणी करून, कर वसूल करून, त्याचे पत्रक भरायचे असा नियम झाला. मोठ्या बाजारपेठांनी आपल्यामार्फत होणाऱ्या विक्रीचा हा भार स्वतःकडे घेतला. म्हणून जो विक्रेता त्यांच्या छपराखाली होता तो निभावला. ज्याने स्वतःची लहानशी यादी ठेवून वीस-तीस जुन्या गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहाराने धंदा चालवला होता त्याला ब्रिटन बंद झाले. चार पौंडांच्या विक्रीसाठी परक्या राज्याचा करदाता होणे हे कोणाही शहाण्या माणसाला परवडणारे नाही. कायद्याने त्याला बंदी केली नव्हती, केवळ एक तक्ता भरायला दिला होता. आमच्या मते लहान व्यापाऱ्याच्या इतिहासात हा फरक फारसा राहत नाही.

ह्यात परक्यांनाच नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०१९ मध्ये टपालाने किंवा कुरियरने येणारा माल जकात न भरता ‘भेट’ म्हणून सोडवून घेण्याची वाट बंद केली. अपवाद दोनच ठेवले, जीवरक्षक औषधे आणि राखी. परदेशी छांदिष्ट मित्राने अदलाबदलीत धाडलेली तिकिटे ह्या दोहोंत कुठेच बसत नाहीत.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. अमेरिकेने ८०० डॉलरची मर्यादा ठेवल्याचा फायदा तिकीटवाल्यांनी घेतला हे खरे, पण त्यांच्यासाठी कोणी मर्यादा काढत नाही. तिचा खरा फायदा घेतला चीनमधून थेट घरोघर स्वस्त कपडे आणि किरकोळ वस्तू धाडणाऱ्या प्रचंड कंपन्यांनी. २०१५ मध्ये ह्या सवलतीखाली अमेरिकेत १३ कोटी ४० लाख पुडकी शिरली होती, ती २०२४ मध्ये १३६ कोटींच्या वर गेली. जे कलम सरकारचा किरकोळ खटाटोप वाचवण्यासाठी केले ते परदेशी व्यापाराचा राजमार्ग बनले. अमेरिकेतला जो दुकानदार जकात भरून माल आणत होता तो ओरडला, आणि त्याच्या ओरडण्यात तथ्य होते. २ मे २०२५ पासून चीन व हाँगकाँग ह्यांच्यापुरती सवलत गेली. ३० जुलै २०२५ च्या आदेशाने २९ ऑगस्टपासून ती सर्व जगासाठी गेली.

आदेशाने टपालाच्या पुडक्यांना दोन रिती दिल्या. एक, माल ज्या देशात घडला त्या देशाच्या मालावरचा टक्का घोषित किमतीवर लावावा. दुसरी, सहा महिन्यांपुरती, नगामागे ठोक रक्कम: ज्या देशांवरचा दर १६ टक्क्यांच्या आत आहे त्यांना ८० डॉलर, १६ ते २५ टक्के असेल तर १६०, आणि २५ च्या वर असेल तर २००. भारत ह्या तिसऱ्या रांगेत होता. दोन डॉलरचे तिकीट आणि त्यावर २०० डॉलर जकात! ही रीत ज्याने लिहिली त्याच्या मनात तिकीट नव्हते हे उघड आहे. त्याच्या मनात मोजणीचा खर्च वाचवणे होते. ठोक रकमेने हिशेब सोपा होतो. हिलनेही एकच ठोक दर मागितला होता, फक्त त्याचा ठोक दर एक पेनी होता.

भारतीय टपालखात्याने टक्क्याची रीत धरली. परंतु त्याआधी सात आठवडे खिडकीच बंद होती. वसुलीचे नियम अमेरिकेच्या जकातखात्याने जाहीर केले १५ ऑगस्टला. पैसे कोणी गोळा करायचे, कोणामार्फत भरायचे, हे पुरते ठरलेले नव्हते. विमान कंपन्यांनी पुडकी नेण्यास असमर्थता कळवली. २५ ऑगस्टपासून आपल्या टपालाने अमेरिकेसाठी माल घेणे थांबवले, आणि महिनाअखेरीस पत्रेसुद्धा. आपणच एकटे थांबलो असे नाही. जागतिक टपालसंघाने सांगितले, की ८८ टपालसंस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः बंद केली आणि २९ ऑगस्टची वाहतूक आठवड्यापूर्वीच्या मानाने ८१ टक्क्यांनी घटली. १८७५ पासून दोन महायुद्धांतून जो ‘एकच टपालप्रदेश’ कसाबसा टिकला होता, त्याला हा मोठा तडा होता, आणि तो बाँबगोळ्याने नव्हे तर वसुलीपत्रकाने पडला. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी आपली सेवा पुन्हा सुरू झाली. घोषित किमतीच्या सरसकट ५० टक्के जकात पाठवणाऱ्याने खिडकीवरच भरायची, अशी व्यवस्था झाली. दरांचे आकडे पुढेही हलत राहिले. जकात आधी भरण्याची ही रीत हा त्यातला आमच्या दृष्टीने मुख्य बदल.

सरसकट म्हणजे मूळ पत्रकात तो माल ‘मुक्त’ आहे की नाही हा प्रश्नच खिडकीवर उरला नाही. त्याबद्दल टपालाला दोष देता येत नाही. कारण हिशेब खरोखर नियमाने करायचा म्हटले तर काय होईल ते पाहा. जकातीच्या नियमाने मालाचा मूळ देश म्हणजे तो जेथे घडला तो देश. हिंदुस्थानची १८५४ ची पहिली तिकिटे कलकत्त्यात छापली. पुढे १८५५ पासून सत्तर वर्षे ती लंडनच्या डी ला रू ह्या छापखान्यातून येत. १९२६ पासून नाशिक. म्हणजे व्हिक्टोरियाचे एक आण्याचे तिकीट, ज्यावर ‘इंडिया’ असे छापले आहे व ज्याने सगळे आयुष्य पुण्याच्या पोष्टात काढले, ते जकातीच्या लेखी ब्रिटिश माल. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली महात्माजींची चार तिकिटे, खादीच्या उपासकाची, ती स्वित्झर्लंडमध्ये छापलेली असल्यामुळे स्विस माल. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेत ब्रिटिश मालावर १० टक्के, स्विस मालावर ३९ आणि भारतीय मालावर ५० टक्के वाढीव जकात होती. एका वहीच्या एका पानावर व्हिक्टोरिया, गांधीजी आणि नाशिकचा अशोकस्तंभ शेजारी लावले तर तीन दर! आणि ‘शंभर देशांची शंभर तिकिटे’ असे जे पुडके पोरांसाठी विकले जाते त्याचा हिशेब करायला जकातखात्यात एक स्वतंत्र शाखाच काढावी लागेल. त्या पुडक्याची किंमत काय? फार तर पाच-सहा डॉलर.

जकातीचा दुसरा हेतू संरक्षण. तो हेतू आम्हांला त्याज्य वाटत नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे: बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल आणि आपल्या मिठागरांचा धंदा राहील. ह्या पत्रात जकातीचे सगळे शास्त्र आले. परंतु तेथे संगमेश्वरचे मीठ होते! बाहेरचे मीठ अडवले तर घरचे विकले जाईल अशी वस्तुस्थिती होती. १८५४ चे चार आण्यांचे तिकीट महाग करून अमेरिकेतल्या कोणत्या छापखान्याला काम मिळणार? ते पुन्हा कोणीच छापू शकत नाही. छापले तर त्याला खोटे तिकीट म्हणतात व तुरुंगात जावे लागते. उलट अमेरिकेतला लहान तिकीटव्यापारी आपला माल परदेशातूनच आणतो. परदेशाची तिकिटे परदेशात असतात. त्यामुळे ही जकात त्या देशातल्या ज्या धंद्याचे रक्षण करील असा धंदाच नाही, आणि ज्याला ती बसते तो मात्र आहे.

मोठ्यांचे काय झाले असे कोणी विचारील. मोठ्यांचे फारसे काही बिघडले नाही. ब्रिटिश गियानाचे १८५६ चे एक सेंटचे किरमिजी तिकीट जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ८३ लाख डॉलरांवर विकले गेले, आणि ते घेतले कोणी? औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यातून निघालेल्या त्याच स्टॅन्ली गिबन्सच्या पेढीने. असा माल सीमा ओलांडतो तेव्हा त्याच्याबरोबर वकील असतो, जकातीचा दलाल असतो, विमेदार असतो. त्यांचा सगळा खर्च मालाच्या मानाने धुळीएवढा. मोजणीचा खर्च नगावर बसतो, म्हणून तो वरच्या टोकाला दिसत नाही आणि खालच्या टोकाला त्याच्याखेरीज काहीच दिसत नाही.

खालच्या टोकाचा माणूस काय करतो हे आम्ही जवळून पाहत आलो आहोत. कोणी भाव वाढवून पाहतो. कोणी दहा गिऱ्हाइकांची मागणी साठवून अमेरिकेतल्या एखाद्या स्नेह्याकडे एकच पुडके धाडतो आणि तो तेथून वाटतो. म्हणजे पुन्हा एक मध्यस्थ उभा राहिला, जो इंटरनेटने नाहीसा केला होता. कोणाला मोह होतो, की पट्टीवर ‘भेट’ असे लिहावे, कारण १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला माफी ठेवलेली होती. तिकिटांच्या धंद्यात मनुष्याची पत हीच पुंजी. जो पट्टीवर खोटे लिहितो त्याच्या तिकिटावरचा शिक्का खरा कशावरून, असे गिऱ्हाईक मनात म्हणणारच. बरेचजण अमेरिका आणि युरोप ही नावे आपल्या यादीतून काढून देशातल्या देशात विकू लागले आहेत. त्यांना काही विकता येते. पण त्या बंद पडलेल्या डाकघराच्या शिक्क्याचे चार गिऱ्हाईक होते त्यांपैकी तिघे बाहेरचे. ते तिकीट मग वहीतच राहते, आणि विक्रेत्यामागे ती वही रद्दीत गेली तर ते कोणाला कळतही नाही.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने १९३८ ची सवलत १ जुलै २०२७ पासून कायद्याच्या पुस्तकातूनच काढून टाकण्याचे ठरले आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२५ मध्ये निर्णय केला, की १ जुलै २०२६ पासून १५० युरोंच्या आतल्या पुडक्यांवर प्रत्येक वस्तुप्रकारामागे ३ युरो ठोक जकात घ्यावी. तिकिटांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की एका पाकिटात एक वापरलेले आणि एक न वापरलेले, अजून चालणारे तिकीट घातले तर वस्तुप्रकार दोन मोजले जायचे. तेव्हा आमच्या ओळखीचे जे काही विक्रेते अजून युरोपात माल पाठवतात, त्यांनी आतापासूनच दोन वह्या केल्या आहेत, वापरलेल्या तिकिटांची एक आणि कोऱ्यांची दुसरी.